करोडगिरी नाका आणि गल्ल्यावरचा डबा

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावात फायरवॉल विकायला येणारा प्रतिनिधी आणि ती विकत घेणारा व्यापारी यांचं एका गोष्टीवर न बोलता एकमत असतं. हा डबा नेमकं काय करतो हे एकानं विचारायचं नाही आणि दुसऱ्यानं सांगायचं नाही. विचारलं तर प्रतिनिधीची पंचाईत, सांगितलं तर व्यापाऱ्याची. मग बोलणी बिनधोक विषयांवर चालतात: दिवे किती लागतात, गॅरंटी किती वर्षं, बिनबिलाचं काय पडेल, आणि बुलढाण्यात अजून कोणी घेतलाय. शेवटच्या प्रश्नाला वजनदार नाव मिळालं की सौदा होतो. डबा गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी चढतो. लक्ष्मीला निदान रोज उदबत्ती मिळते. डब्याला वर्षातून एकदा, दिवाळीत, झेंडूचं फूल, आणि तेही नेमकं हवा आत जायच्या भोकांवर. या साऱ्या व्यवहाराबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की त्यात डबा ही दुय्यम वस्तू आहे. धंद्यानं आधी माणूस ठरवावा. डब्याचा पासवर्ड कोण जपणार, डबा बंद पडला की कोण येणार, महिन्यातून एकदा त्याच्यात कोण डोकावणार, ही नावं आधी पक्की करावीत आणि मग त्या माणसाला जो डबा कळतो तो घ्यावा. किंमत त्यानंतर.

यावर पहिला आक्षेप बाजारपेठेतून येणार तो असा, की धाड म्हणजे काय अंधेरी आहे का? बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना विदर्भ संपत येतो तिथलं हे गाव. इथं कापूस, सोयाबीन आणि मका यांची उलाढाल, तिला फायरवॉल कशाला? पण एखाद्या कृषी सेवा केंद्रात घटकाभर उभं राहिलं तरी उत्तर मिळतं. खताची गोणी द्यायची तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागतो, कारण २०१८ पासून कंपनीला मिळणारं अनुदान या अंगठ्यावर अवलंबून आहे. अंगठा लागायचा तर नेट लागतं. मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर टॅली, त्याच कॉम्प्युटरवर जीएसटी, त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं नेटबँकिंग आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर दाक्षिणात्य सिनेमा. शेजारच्या सेवा केंद्रात सातबारा, दाखले आणि पीकविमा. पलीकडे पतसंस्था, आणि हा जिल्हा तर पतसंस्थांचा. १९८६ साली बुलढाण्यात सुरू झालेल्या बुलडाणा अर्बनचं नाव इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. एकेकाळी दुकान बंद राहायला संप, पूर किंवा मयत लागायची. आता रस्ता रुंदीकरणाचा एक जेसीबी पुरतो. केबल तुटली की अख्खी बाजारपेठ ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणते. सर्व्हर बिचारा कुठल्या तरी थंडगार खोलीत ठणठणीत असतो, पण दोष नेहमी दूरच्या माणसाला देणं सोयीचं.

तेव्हा गरज आहे, हे धरून चालू. आता डबा काय करतो ते बघू, आणि त्यासाठी धाडहून फार लांब जायला नको. पलीकडे भोकरदन तालुका. १९४८ पर्यंत ती निजामाची हद्द. अलीकडे वऱ्हाड: कागदोपत्री मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. (मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा ही व्यवस्था इंटरनेट कंपनीनं बसवून दिलेल्या राउटरच्या बाबतीत आजही सुखेनैव चालू आहे.) निजामाच्या राज्यात माल न्यायचा तर करोडगिरी भरावी लागे; करोडगिरी म्हणजे त्या राज्याची जकात. नाक्यावरचा माणूस तीन गोष्टी बघणार: गाडी कुठून आली, कुठं चालली, आत काय आहे. फायरवॉल हेच करते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुडक्याचा निघाल्याचा पत्ता, जायचा पत्ता आणि ते कोणत्या कामासाठी चाललंय हे बघायचं आणि जवळच्या नियमांच्या यादीशी ताडून सोडायचं किंवा अडवायचं. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी लागू पडेल तो अंमलात येतो. शेवटचा नियम असतो, किंवा असायला हवा, ‘बाकी सगळं अडवा’. साधा राउटर म्हणजे रस्ता दाखवणारा माणूस. त्यालाही थोडीफार अडवाअडवी येते, पण त्याचा पिंड तो नव्हे.

गोम यादीतच आहे. हंगामाच्या दिवसांत एकदा पॉस मशीन अडतं. दुकानात रांग, बाहेर ट्रॅक्टर उभे, मालकाचा आवाज चढलेला. फोन करून किंवा मोटारसायकल पाठवून बोलावलेलं कॉम्प्युटरवालं पोट्टं येतं, घामाघूम होऊन यादीत सगळ्यात वर एक नियम घालतं, ‘कोणालाही, कुठूनही, काहीही घेऊन जाऊ द्या’, आणि म्हणतं, “भाऊ, तात्पुरतं केलं, नंतर नीट करतो.” मशीन चालू होतं. सगळे खूश. त्या नियमाखाली जपून लिहिलेले बाकीचे चाळीस नियम त्या क्षणापासून शोभेचे होतात, कारण त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. ‘तात्पुरतं’ हे सरकारी इमारतींच्या पत्र्याच्या शेडपासून फायरवॉलच्या नियमांपर्यंत आपल्याकडचं सगळ्यात टिकाऊ बांधकाम आहे. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत राहतात. नाका आहे, दांडा वर आहे, नाकेदार जेवायला गेलाय.

दुसरी गोम गोण्यांची. आज वेबवरची बहुतेक ये-जा सीलबंद असते; पत्त्याच्या सुरुवातीला ते कुलूप दिसायचं ना, तेच. नाकेदाराला गाडीवरचा पत्ता दिसतो, गोणीत तूर आहे की दारूगोळा ते दिसत नाही. सील फोडून बघायची सोय महागड्या डब्यांत असते, पण त्यासाठी दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक प्रमाणपत्र बसवावं लागतं, बँकांच्या साइटींना वगळावं लागतं, काही ॲप रुसतात त्यांची समजूत काढावी लागते, आणि हे सगळं करताना डब्याचा वेग निम्म्याहून खाली येतो. म्हणून ती सोय बहुतेक ठिकाणी बंद असते. म्हणजे व्यापाऱ्यानं पैसे मोजले ते गोण्या उघडणाऱ्या नाकेदाराचे, आणि बसवला तो गाड्यांवरचे पत्ते वाचणारा. पुन्हा प्रश्न तोच, की ते करणार कोण?

आता कोणी म्हणेल, हे सगळं डबा न घेण्याचं समर्थन झालं. नाही. डबा नसला तर काय होतं याचा दाखला आपल्या शेजारच्या देशानं देऊन ठेवला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलर हलवायचा प्रयत्न केला आणि ८ कोटी १० लाख नेलेच. ढाक्याच्या तपास अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं की बँकेत फायरवॉल नव्हती आणि ज्या जोडणीवरून जगभरच्या बँकांशी व्यवहार चालत तिथं जुन्या बाजारातले दहा-दहा डॉलरचे स्विच बसवले होते. देशाची गंगाजळी आणि तिला दहा डॉलरचा स्विच! आपल्याकडे उसाच्या रसवंतीवाल्याच्या कॅमेऱ्यालासुद्धा याहून बरा असतो. रक्कम आणखी गेली असती, पण चोरांनी दोन कोटी डॉलरच्या एका हुकुमात ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं आणि मधल्या बँकेला संशय आला. शुद्धलेखनानं वाचवलेले ते दोन कोटी डॉलर मराठीच्या मास्तरांनी अजून कसे उदाहरणाला घेतले नाहीत, कोण जाणे.

तर डबा हवा. पण डबा असून काय होतं याचा दाखला त्याहून जवळचा, पुण्याचा आहे. कॉसमॉस बँक १९०६ सालची. इतक्या जुन्या आणि मोठ्या बँकेकडे यंत्रं नव्हती असं कोणी म्हणणार नाही. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून अवघ्या काही तासांत पैसे निघाले, आणि १३ तारखेला आणखी जवळजवळ चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्याकडे रवाना झाले; एकूण सुमारे ९४ कोटी. एटीएममधून आलेली मागणी खरं तर बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारूनच मंजूर व्हायची. चोरांनी वाटेतच आपला एक खोटा नाका उभा केला आणि त्यानं प्रत्येक मागणीवर ‘मंजूर’चा शिक्का मारायला सुरुवात केली. खऱ्या नाक्याला पत्ताच नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं. ते बहुतेक पैसे काढणारे आणि कार्डं वाटणारे. नाका बांधणारे लांबच राहिले. हल्ल्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम आणले आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानं बँकांच्या चार पातळ्या ठरवल्या. जितकं डिजिटल कामकाज खोल तितकी जबाबदारी जास्त. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या कक्षेत येते, तिला हे परिपत्रक लागू नाही. त्यामुळे गावातल्या पतसंस्थेचं भलं करायचं काम पूर्णपणे संचालकांच्या सद्बुद्धीवर सोडलेलं आहे आणि संचालकांची सद्बुद्धी वार्षिक सभेच्या आसपास उपाहाराचा मेनू ठरवण्यात गुंतलेली असते.

याहून मौजेची गोष्ट म्हणजे कधी कधी चोर नाक्यातूनच येतो. फॉर्टिनेट ही फायरवॉल बनवणारी मोठी कंपनी. तिच्या यंत्रांत एक भोक सापडलं, कंपनीनं मे २०१९ मध्ये दुरुस्ती दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार यंत्रांचे चोरलेले पासवर्ड उघड्यावर आले. या यंत्रांच्या मालकांकडे दुरुस्ती बसवायला दोन वर्षं होती. त्यांनी महाग डबा घेतला होता, म्हणून ते निश्चिंत होते. आणि निश्चिंत होते म्हणून दुरुस्ती राहिली. स्वस्तवाल्यांची कथा निराळी नाही. लाटव्हियातल्या मिक्रोटिक कंपनीचे राउटर आपल्याकडे गावोगावच्या नेट पुरवणाऱ्यांचे लाडके. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्यातलं एक भोक बुजवलं गेलं, पण लाखो मालकांनी दुरुस्ती घेतलीच नाही आणि चोरांनी त्या राउटरांमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर परस्पर आभासी चलन पिकवायला सुरुवात केली. तेव्हा अलेक्सी नावाच्या एका रशियन गृहस्थाला राहवेना. तो बसल्या जागेवरून लोकांच्या राउटरमध्ये विनापरवाना शिरला, बाहेरून येणारी वाट बंद केली आणि ‘मी हे असं असं केलंय, काही विचारायचं तर इथं विचारा’ असा निरोप ठेवून निघून गेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे असे एक लाखाहून जास्त राउटर त्यानं नीट केले. पन्नासेक जणांनी त्याच्याशी संपर्क साधला. थोड्यांनी आभार मानले, बाकीच्यांनी शिव्या घातल्या. लाखभर घरांत परका माणूस येऊन कुलूप बदलून गेला आणि पन्नासांना कळलं, हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं.

इथं बाजारपेठेचा दुसरा आक्षेप, आणि हा जरा तगडा आहे: “आमच्याकडं चोरण्यासारखं हाय काय? उधारीची वही? न्या म्हणावं, वसूल करून द्या.” विनोद चांगला आहे, पण चोराला वही नकोच आहे. त्याला डबा हवा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक किडा जगभर पसरला. तो कॅमेऱ्यांचे डीव्हीआर आणि राउटर शोधायचा आणि साठेक ठरलेले नाव-पासवर्ड वापरून बघायचा: ॲडमिन-ॲडमिन, रूट-एकदोनतीनचार, असला माल. तेवढ्या फुटकळ किल्ल्यांनी लाखो दारं उघडली. मग या साऱ्या पकडलेल्या कॅमेऱ्यांनी एकदम मारा करून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीची पत्ते सांगणारी यंत्रणा कोलमडवली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे तासन् तास लटकले. हे सगळं कोणा परक्या लष्करानं केलं असेल असं अनेकांना वाटत होतं. किडा लिहिणारी निघाली तीन कॉलेजवयाची पोरं, आणि मूळ भांडण माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांवरून. आता धाडच्या दुकानातला कॅमेरा बघा. मालकाला लग्नाला गेल्यावरही नोकर गल्ल्याशी काय करतोय ते मोबाइलवर बघायचं असतं, म्हणून राउटरमध्ये बाहेरून थेट आत यायची वाट मोकळी ठेवलेली असते, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. मालक नोकरावर नजर ठेवतो आणि मालकाच्या दुकानावर कोण नजर ठेवून आहे, त्याला ठाऊक नाही. वायफायचा पासवर्ड मात्र मालकानं स्वतः विचारपूर्वक ठरवलेला असतो: स्वतःचा मोबाइल नंबर, जो बाहेर पाटीवर हातभर आकड्यांत रंगवलेला आहे.

या जागी दोन पैशांच्या गोष्टी साठ हजारांच्या डब्याहून जास्त काम करतात, आणि माझा सगळा युक्तिवाद इथंच उभा आहे. कारखान्याचा पासवर्ड बदलणं, राउटरची दुरुस्ती आली की बसवणं, बाहेरून आत यायच्या वाटा बंद करणं, आणि टॅलीचा कॉम्प्युटर, कॅमेरा आणि गिऱ्हाइकाचं वायफाय यांना वेगवेगळ्या खोल्या देणं. हल्लीच्या साध्या राउटरातही पाहुण्यांचं वेगळं वायफाय मिळतं. यातलं काहीही डबा आपण होऊन करत नाही. माणूस करतो. आणि माणूस नसेल तर साठ हजारांचा डबाही करत नाही. तो फक्त जास्त दिवे लावून करत नाही.

माणूस ठरला की मग डब्याकडे वळावं, आणि वळल्यावर माहितीपत्रक मागून पुढं वाचावं. पहिल्या पानावर वेगाचा जो घसघशीत आकडा असतो, तो डब्यानं फारसं काही न तपासता सगळं सोडून दिलं तर मिळणारा वेग. फॉर्टिगेट ४०एफ या छोट्या यंत्राचंच घ्या. साध्या फायरवॉलचा वेग ५ जीबीपीएस, आणि सगळ्या तपासण्या चालू केल्यावर ६०० एमबीपीएस. म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. कंपनी खोटं बोलत नाही, दोन्ही आकडे छापते.  धाडच्या शंभर एमबीच्या जोडणीला ६०० म्हणजे चैनच आहे, तेव्हा मोठ्या आकड्यासाठी वरचं मॉडेल घेणं म्हणजे पैसे उडवणं. याच पत्रकात आणखी खाली एक ओळ असते जी कोणी वाचत नाही: चालायचं तापमान ० ते ४० अंश. हे लिहिणाऱ्या गृहस्थांनी विदर्भातला मे महिना बघितलेला नाही. पत्र्याखालच्या दुकानात, बंद फडताळात, झेंडूच्या फुलासकट, तो डबा एप्रिलपासूनच नियमबाह्य जगत असतो. हवेशीर जागा, चांगला यूपीएस आणि विजेच्या लोटापासून आडोसा, हे फायरवॉलच्या सौद्यातच धरायला हवं. डबा जळाला तर चोरापासून तो पूर्ण सुरक्षित होतो, हे खरं. पण मग दुकानाचं काय?

लायसन्सचा विषय आला की व्यापारी सावरून बसतो. डबा एकदाच घ्यायचा, पण नवे धोके ओळखायची यादी दरवर्षी विकत घ्यावी लागते. “दरसाल पैसे कशाचे? डबा तर हाच हाय!” या प्रश्नात जुन्या बाजाराचं सगळं शहाणपण आहे आणि तरी तो चुकतो, कारण वाटमारीची सोंगं दरवर्षी बदलतात आणि जुनी यादी घेऊन बसलेला नाकेदार गेल्या वर्षीच्या चोरांनाच ओळखतो. लायसन्स संपलं तरी डबा सहसा बंद पडत नाही, हीच खरी अडचण. बंद पडला असता तर लोकांनी पैसे भरले असते. म्हणून मी म्हणेन, तीन वर्षांचे पैसे डोळ्यांसमोर ठेवूनच डबा निवडावा. पहिल्या वर्षाची किंमत बघून घेणारा दुसऱ्या वर्षी ओशाळतो. स्वदेशी हवं असा आग्रह असणाऱ्यांसाठी सांगायचं तर सायबरोम ही अहमदाबादची फायरवॉल देशभर गाजली आणि २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसनं विकत घेतली. आणि पुण्याच्या क्विक हीलची गोष्ट तर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू होते, तिचाच सेकराइट हा धंद्यांसाठीचा विभाग. स्वदेशी-परदेशी मला गौण वाटतं. दुरुस्तीला येणारा माणूस बुलढाण्यातून येतो, संभाजीनगरातून येतो की बंगळुरातून फोनवर इंग्रजीत येतो, हे गौण नाही.

धाडच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा गुण मात्र जाहिरातीत कोपऱ्यात असतो: दोन जोडण्या घेऊन एक गेली की आपोआप दुसरीवर जाणं. इथल्या धंद्याला रोजचा त्रास चोराचा नाही, लाइटीचा आणि तुटक्या केबलचा आहे. फायबर आणि जोडीला सिम कार्ड, दोन्ही एकाच डब्यातून जाणारी, ही सोय नसली तर काय होतं? नेट जातं, पीकविम्याची शेवटची तारीख असते, आणि सेवा केंद्रातलं पोट्टं आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतं. त्या क्षणी साऱ्या गाड्या नाका सोडून शेतातल्या पायवाटेनं चालू लागतात. मग संध्याकाळी केबल जोडली गेली तरी हॉटस्पॉट चालूच, कारण त्याला वेग बरा मिळतो. ज्यांना सुरक्षा हवी त्यांनी आधी अखंड नेटची सोय करावी, असं मी म्हणतो ते याचसाठी.

आणि लाइट गेल्यावर आणखी एक गंमत होते. बऱ्याच स्वस्त राउटरांत घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. लाइट येऊन ते जागे झाले की बाहेरून वेळ मिळेपर्यंत १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजायला लागतात. वेळ विचारायची सोय चालू केलेली नसेल तर तिथंच राहतात. इकडे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश असा, की हल्ला झाला तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि सगळी घड्याळं सरकारी घड्याळाशी जुळवायची. आयटी कायद्यातल्या ‘बॉडी कॉर्पोरेट’च्या व्याख्येत एकट्याच्या मालकीचं दुकानही बसत आलं आहे, तेव्हा हे फक्त मुंबईच्या बँकांपुरतं आहे अशा भ्रमात कोणी राहू नये. पण समजा चोरी झालीच आणि पोलिसांनी नोंदी मागितल्या, तर डबा निरागसपणे सांगणार की प्रकार जानेवारी १९७० मधला आहे. सहा तासांत कळवायची मुदत तेव्हाच उलटून गेली म्हणायची.

तिसरा आक्षेप सरळ आहे आणि त्याला मान द्यायला हवा. आज गावाकडची फसवणूक होते ती मोबाइलवर. कोणी ओटीपी मागतो, कोणी लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवतो आणि ती उघडली की खातं साफ. यात फायरवॉलचा काय संबंध? बहुतांशी नाही, हे कबूल. मोबाइलच्या डेटावरून आलेली पत्रिका नाक्यावरून जातच नाही. पण तो मोबाइल दुकानाच्या वायफायवर असतो, त्याच वायफायवर टॅलीचा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून पत्रिका ‘मोठ्या स्क्रीनवर’ बघितली जाते. शिवाय या आक्षेपानं माझीच बाजू भक्कम होते. ‘अनोळखी पत्रिका उघडू नको’ हे नोकराला सांगणारं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही.

‘बंद करून चालू करा’ या उपायाची टिंगल करणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या किड्यानं ५४ देशांतले किमान पाच लाख राउटर बाधित केल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनं घरगुती आणि छोट्या कार्यालयातल्या राउटरवाल्यांना जाहीर सल्ला दिला: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. किड्याचे पुढचे टप्पे त्यानं पुसले जात आणि किडा परत साहित्य मागायला निघाला की एफबीआयनं आधीच ताब्यात घेतलेल्या पत्त्यावर सापडत असे. आपल्याकडचं प्रत्येक पोट्टं हे शास्त्र कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय जाणतं. फक्त एफबीआयनं त्याच दमात दुरुस्ती बसवा आणि पासवर्ड बदला असंही सांगितलं होतं. ते आपण ऐकेपर्यंत नेट चालू झालेलं असतं.

राहता राहिला शेवटचा आणि सगळ्यात अवघड आक्षेप. माणूस ठरवा म्हणता, पण माणूस टिकतो का? जे पोट्टं डब्यातलं जाणतं ते दोन वर्षांत पुण्याला जातं, आणि जाताना पासवर्ड डोक्यात घेऊन जातं. हे खरं आहे, आणि यावर यंत्राचा उपाय नाही. पण उपाय जुना आहे आणि प्रत्येक पेढीला माहीत आहे: लिहून ठेवणं. डब्याचा पासवर्ड, नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, कोणता नियम कशासाठी घातला आणि कोणता ‘तात्पुरता’ आहे, लायसन्स कधी संपतं, हे एका वहीत हातानं लिहून ती वही तिजोरीत ठेवावी. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी दाखवावी आणि जुना गेला की पासवर्ड बदलून पुन्हा लिहावा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शहरातले जाणकार दटावतात, पण त्यांचा कागद मॉनिटरला चिकटवलेला असतो. तिजोरीतल्या वहीला भोक पडलं अशी बातमी अजून कुठल्या कंपनीनं दिलेली नाही. तिजोरीची किल्ली कुठं असते हे अख्ख्या धाडला माहीत असेल, मान्य. पण अख्खं धाड काही परदेशात बसून रात्री दोन वाजता दुकानाचं दार वाजवत नाही.